शर्यतीची अक्षरे

त्या दिवशी कल्याणच्या माळावर शर्यत नव्हती. तरी गाड्या आल्या. माझा भाऊ त्या परत फिरवायला गेला आणि घरी आला नाही.

ही वाक्ये मी पूर्वीही कितीदा लिहिली होती, पण लेखणी त्यांच्यापुढे जात नसे. या खेपेस जाईल असे वाटते, कारण परवा माझा नातू त्याच्या क्रिकेट क्लबाचे पत्रक घेऊन आला. जाड, काळी, उजवीकडे झुकलेली अक्षरे. कुठे बारीक रेघ नाही, कुठे नाजूक वळण नाही. "आजी, बघ ना, एकदम मॉडर्न अक्षरं आहेत की नाही? आमच्या सेक्रेटरीने मुद्दाम मुंबईहून करून आणली." मी चष्मा पुसला, पत्रक डोळ्यांजवळ धरले आणि "छान आहेत" म्हणाले. तो गेल्यावर मला इतका राग आला की हातातली वाटी खाली ठेवावी लागली. राग त्या पोरावर नव्हता. तो जुना आहे, आणि त्याला कधी काय निमित्त होईल हे मला या वयातही सांगता येत नाही.

आमचे घर ठाण्याला होते, कचेरीपासून हाकेच्या अंतरावर. पुढे ओटी, मग माजघर, मागे पडवी आणि परसात एक शेवगा. वडिलांना आम्ही तात्या म्हणत असू. ते कचेरीत कारकून होते आणि दिवसभर मोडी लिहीत. त्यांचे मोडी अक्षर इतके चपळ की एकदा कागदाला टेकलेला बोरू ओळीच्या शेवटीच वर उचलला जाई. पण तेच तात्या घरी पोथीतले काही उतरवून काढायला बसले की बाळबोध अक्षर असे काढत, जणू प्रत्येकाच्या पाठीला काठी बांधली आहे. "मोडी कामाची. तिने धावावं," ते मला शिकवताना म्हणत. "बाळबोध देवाची. तिने उभं राहावं." मुलींच्या शाळेत मला घातले ते त्यांनीच, आणि आईच्या मनात नसताना पुढे चालू ठेवले तेही त्यांनीच. तेवढ्यासाठी मी त्यांची जन्माची ऋणी आहे, म्हणून त्यांच्याविषयी जे लिहायचे ते सांभाळून लिहिते.

माझा भाऊ वासू. मी त्याला दादा म्हणे आणि तो मला चिमे. दादाने इंग्रजी शाळा अर्ध्यावर सोडली आणि गावातल्या छापखान्यात लाकडाचे मोठे ठसे कोरायचे काम धरले. तात्या त्याच्याशी कित्येक महिने कामापुरते बोलत. त्यांच्या मते लिहिणाऱ्यांच्या घरात सुताराची पटाशी आली होती. दादाला त्याचे काही नव्हते. छापखान्यात उजेड कमी, म्हणून तो शिवणीच्या लाकडाचे तुकडे घरी आणी आणि मागच्या पडवीत मांडी घालून कोरत बसे. मी समोर वाल सोलत असे. आमच्याकडे बिरडे वरचेवर व्हायचे. आदल्या दिवशी भिजवलेले, मोड आलेले वाल कोमट पाण्यात टाकायचे आणि एकेक चिमटीत धरून साल सोडवायचे. वाल सालीतून सुळकन निसटायचा, दादाची ठोकणी टक्‌टक् करायची, आत आई खोबरे वाटत असायची. माझ्या लहानपणाचा आवाज कोणता असे कुणी विचारले तर मी हाच सांगेन. ठसा उलटा कोरावा लागतो, म्हणून मध्येच तो आईचा आरसा मागे आणि मी अक्षरासमोर धरून त्याला सुलटे वाचून दाखवी. "वासू, माझा आरसा!" असे माजघरातून ओरडणे हे आईचे रोजचे काम होते.

छापखान्याच्या मालकांना सगळे गाव नाना म्हणे. सभांमध्ये बोलणारे, उपरण्याची घडी न मोडणारे, सुधारणेवर व्याख्याने देणारे गृहस्थ. त्यांच्याकडे एक वर्षी कल्याणच्या बैलगाड्यांच्या शर्यतीचे पत्रक छापायला आले. ही शर्यत माघी पौर्णिमेनंतरच्या रविवारी कल्याणबाहेरच्या माळावर भरे. भोवतालच्या गावांतले आगरी शेतकरी आपापल्या जोड्या घेऊन उतरत. दादाने आधी नेहमीची उभी, बोरूच्या वळणाची अक्षरे कोरली. कागदावर उमटल्यावर त्याने ती मला दाखवली. "चिमे, ही बघ, कचेरीबाहेर तारखेची वाट बघत बसलेली माणसं वाटतात." मग तो स्वतः कल्याणला जाऊन जोड्यांचा सराव बघून आला. आल्यावर जेवताना त्याचे लक्ष नव्हते. आमटीत बोट बुडवून तो पाटाजवळच्या जमिनीवर तिरक्या रेघा ओढत होता. सुटलेला बैल, वरचा गाडीवान, त्याचा आसूड, सगळे पुढे झुकलेले असते, असे त्याचे म्हणणे होते. सरळ उभे राहून कोणी पळत नाही.

त्यातून ती अक्षरे झाली. त्याने बोरूचे जाड-बारीक काढून टाकले. सगळ्या रेघा सारख्या जाडीच्या, टोके छाटलेली, आणि अख्खे अक्षर पुढे कललेले. तिरके अक्षर चौकोनी ठोकळ्यावर बसवले की दोन अक्षरांच्या मध्ये फट पडते, म्हणून त्याने ठोकळेही तिरकेच कापले आणि ओळीच्या दोन्ही टोकांना पाचरी बसवल्या. तात्यांनी पहिला छाप हातात घेऊन बराच वेळ पाहिला. "ही अक्षरं पडताहेत," ते म्हणाले. "पडत नाहीत, तात्या. पळताहेत," दादा म्हणाला. "बाळबोधीला मोडीची धाव दिली, एवढंच." छाप परत देताना तात्यांनी तो चुरगळू नये म्हणून दोन्ही हातांनी दिला, हे मी पाहिले.

पत्रकावर वर मोठ्या अक्षरांत 'कल्याणचा माळ', त्याखाली तेवढ्याच मोठ्या अक्षरांत 'शर्यत', आणि खाली छापायच्या बारीक शिशाच्या खिळ्यांत बाकीचा मजकूर. ते भिंतींवर, नाक्यांवरच्या झाडांवर, देवळांच्या खांबांवर लागले आणि लोक वेडे झाले. दारावर मासळी घेऊन येणारी बायजा हातवारे करून सांगे, "बाय, तुमच्या वासूची अक्षरा भितीवं नुसती पलतान बगा!" बायजाला एक अक्षर वाचता येत नव्हते. तिच्या घरात कोणालाच येत नव्हते. पण ती काळी, झुकलेली ओळ दिसली की शर्यत ठरली, हे त्या सगळ्या गावांना कळू लागले. मग तालमीच्या वस्तादांना कुस्तीच्या पत्रकासाठी तीच अक्षरे हवी झाली. सोडावॉटरवाल्याने आपल्या खोक्यांवर मारायला तसाच ठसा मागितला. त्याचे म्हणणे, अक्षरे पाहूनच बाटली फसफसल्यासारखी वाटते. नाना येणाऱ्या-जाणाऱ्याला "आमच्या छापखान्याची अक्षरं" म्हणून दाखवत. दादा मागे उभा राहून हसे. त्याला त्याचे वाईट वाटत नव्हते. मला वाटत होते.

पुढे गाठीचा ताप आला, प्लेग. त्या दिवसांविषयी इतरांनी पुष्कळ लिहिले आहे. मला आठवते ते आईचे घरभर कडुनिंबाचा धूर करणे, शाळा बंद, आणि स्टेशनावर उतारूंच्या काखा-जांघा तपासतात म्हणून बायकांनी माहेरी जाणे सोडलेले. कल्याणच्या माळावर तट्ट्यांच्या झोपड्या उभ्या राहिल्या आणि ज्यांच्या घरात ताप निघाला त्यांना तिथे नेऊन ठेवू लागले. माघ आला. या वर्षी शर्यत आहे की नाही, गावांतून कोणाला काही ठाऊक नव्हते. लोक पत्रकाची वाट पाहत होते.

एका दुपारी दादा छापखान्यातून अवेळी घरी आला आणि हातपाय न धुता पडवीत बसला. आईने दोनदा विचारल्यावर सांगू लागला. माळावर कोणी जमू नये अशी कचेरीची सूचना छापायला आली होती, आणि ती लगेच हवी होती. मोठी उभी अक्षरे एका नाटकमंडळीच्या जाहिरातीच्या फर्म्यात, म्हणजे छपाईच्या चौकटीत, बांधलेली होती. तो फर्मा मोडायला नाना तयार नव्हते. शर्यतीच्या अक्षरांतली 'कल्याणचा माळ' ही ओळ मात्र गेल्या वर्षीची दोऱ्याने बांधून फळीवर ठेवलेली होती. नानांनी खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्याला ती उचलायला सांगितली आणि 'शर्यत'च्या जागी 'बंद' घालायला लावले.

"मी म्हटलं, नाना, हे करू नका," दादा सांगत होता. "लोक वाचत नाहीत, बघतात. ही ओळ दिसली की त्यांना शर्यतच दिसणार. तर म्हणतात, 'वासू, खाली स्पष्ट मराठीत बंद असं लिहिलंय. ज्याला वाचता येत नाही त्याची जबाबदारी छापखान्यावर येत नाही.' मी म्हटलं, नाटकाचा फर्मा मोडा, मी जुळाऱ्यासोबत बसून पुन्हा बांधून देतो. नाही. मग ब्रशाने हातांनी लिहून देतो म्हटलं. हसले. म्हणाले, 'उलट बरंच की, तुझ्या अक्षरांकडे लक्ष तरी जाईल.' मी पटाशी घेतली आणि निघून आलो."

तात्या ओटीवरून आत आले होते. "मालकासमोरून असं उठून यायचं नसतं," ते म्हणाले. दादाने वर पाहिले. "तात्या, तुम्हीच म्हणाला होतात ना, बाळबोधीने उभं राहावं? आज ती उभी हवी होती." मला आजही वाटते की त्या संध्याकाळी त्यांनी नानांकडे जायला हवे होते. कचेरीतल्या माणसाचा शब्द नानांनी ऐकला असता. पण भिडेपोटी माणसे काय काय होऊ देतात, याचा हिशेब कोण ठेवतो?

मग शर्यतीचा तो रविवार आला. सकाळी बायजा दारात पाटी उतरवून बसली. बोंबील ताजे होते. आई भाव करत म्हणाली, "बायजे, आज एवढी घाई कसली गं?"

"घाई नाय तर काय? मना पन कल्यानला जावाचा हाय. आमच्या घरची समदी पहाटंच गेली गारी जुपून. मोहने गावचा माजा दीर, त्यो जोमा, त्यानी बैलांची शिंगा रंगवली, पोरांना नवी कापरा घातली."

"अगं, या तापाच्या दिवसांत शर्यत कुठली?"

"आमाला पन तसाच वाटला होता, बाय. पन पत्रक लागला ना नाक्यावं! तुमच्या वासूची अक्षरा लागली नि मंग कोन घरान बसतो?"

मी दादाकडे पाहिले. तो पडवीत काचकागदाने काही घासत होता, ते त्याने ठेवून दिले. उठून दारात आला. "बायजे, पत्रकात काय लिहिलंय, कोणी वाचून दाखवलं?"

"वाचाचा काय त्यान? तीच अक्षरा हान."

दादाने खुंटीवरची टोपी घेतली. आई म्हणाली, भात शिजतोय, दोन घास खाऊन जा. तो पायताण घालत होता. तात्या म्हणाले, "वासू, ते कचेरीचं काम आहे. तुझं नाही."

"अक्षरं माझी आहेत, तात्या," तो म्हणाला आणि गेला. त्या दिवशी बोंबील कोणी घेतले नाहीत. बायजा पाटी उचलून त्याच्या मागे पळाली.

पुढचे मला जोम्याने सांगितले. तो माळावरून सुटून आला तेव्हा आमच्याकडे आला आणि मागच्या पायरीवर बसला. आईने ओटीवर बस म्हटले तरी बसला नाही. दादा कल्याणच्या रस्त्यावर फाट्यापाशी उभा राहिला होता, दोन्ही हात पसरून, येणाऱ्या गाडीच्या बैलांसमोर. झाडावरचे पत्रक त्याने फाडून हातात धरले होते. "वरराय लागला, मागं फिरा, मागं फिरा, यान शर्यत नाय, बंद लिवलाय. लोका त्याला खुला बोलली. एकानी आसूर मारला त्याच्या खांद्यावं. पन त्यो हलला नाय. मागच्या समद्या गारया त्यानी फिरवल्या." पुढच्या गाड्या मात्र आधीच माळावर उतरल्या होत्या, त्यांत जोम्याची होती. झोपड्यांतल्या लोकांना आपल्या गावची माणसे दिसली, तशी ती धावत आली. कोणी आपल्या आईला मिठी मारली, कोणी पोर उचलले. पहारेकऱ्यांनी हे पाहिले आणि वाट बंद केली. मिसळलेल्या कोणालाही बाहेर सोडेनात. शेतकऱ्यांना काय चालले आहे ते कळेना, पहारेकऱ्यांना हे लोक का आले ते कळेना. आरडाओरडा, काठ्या. तेव्हा फाट्यावरून आलेला दादा झोपड्यांच्या कुंपणाच्या आत गेला.

"आमी काय बोलनार सायबासमोर?" जोमा म्हणाला. "त्यो मदी उबा रायला. बोलला, हे चोर नाय, हे पलून आलेले नाय, यांना अक्षरांनी बोलावला. दोन येला सांगला, तीन येला सांगला. मंग काठ्या थांबल्या. पोरांना दूद आनला. पन त्याला पन आतच ठेवला."

जोमा सुटला, त्याची पोरे सुटली. दादाला गाठ आली. आम्हाला निरोप आला तो सगळे आटोपल्यावर. तात्या कल्याणला गेले, त्यांना लांबूनच जागा दाखवली. आईला तेही नाही. दादाला काय खायला दिले, शेवटी पाणी कोणी पाजले, हे तिने जोम्याला पुन्हा पुन्हा विचारले. जोम्याने पेज दिली होती म्हणून सांगितले. ते खरे होते की आईसाठी सांगितलेले, मला माहीत नाही.

दिवस-कार्य झाल्यावर नाना समाचाराला आले. उपरण्याची घडी तशीच. ओटीवर तात्यांशेजारी बसून त्यांनी ईश्वरेच्छेविषयी थोडे सांगितले, मग उसासा टाकून म्हणाले, "मी त्याला कितीदा म्हटलं, वासू, अक्षर कसं शांत असावं. पण तरुण रक्त. शेवटी त्या वाकड्या अक्षरांनीच घात केला हो." मी माजघराच्या दाराआड उभी होते. गावातही तोवर हेच चालले होते. ती अक्षरे अशुभ होती, बाळबोधीला वाकवले त्याचे फळ मिळाले, असे शहाणीसुरती माणसे बोलत होती. देवदर्शनाला गेलेल्या आईच्या देखत बोलत होती. फर्म्याविषयी कोणी बोलत नव्हते.

तात्या मान खाली घालून बसले होते. आई माझ्या शेजारून पुढे झाली. परक्या पुरुषासमोर ती कधी येत नसे. त्या दिवशी उंबऱ्यापर्यंत आली.

"नाना, तुमच्या छापखान्यात अक्षरं आपणहून उठून फर्म्यात बसतात का हो?"

नाना गडबडले. "वहिनी, तुम्ही आता दुःखात—"

"दुःखात आहे म्हणून विचारते. फळीवरून ती ओळ कोणी काढायला लावली? वासू नको म्हणाला होता. नाटकाचा फर्मा मोडला नाहीत तुम्ही. झालं का तुमचं नाटक?"

नाटक झाले नव्हते. तापाच्या भीतीने ती मंडळी ठाण्याला आलीच नाही. जाहिरात छापलीसुद्धा गेली नव्हती. जी अक्षरे नानांनी मोडू दिली नाहीत ती तशीच बांधलेली पडून होती. हे आईला कसे कळले कोण जाणे. बायका देवळात सगळे ऐकतात.

"छापखान्याच्या गोष्टी तुम्हाला कळायच्या नाहीत, वहिनी," नाना म्हणाले. आवाज मऊच होता. हा मऊपणा मी आयुष्यात पुढे पुष्कळ पाहिला, आणि ज्याने चूक केली आहे त्याच्याच तोंडी पाहिला.

तेव्हा तात्या उठले. कोपऱ्यातली नानांची काठी त्यांनी उचलली आणि त्यांच्या हातात दिली. "या आता," एवढेच म्हणाले. नाना गेल्यावर ते मला म्हणाले, "चिमे, त्याने ती ओळ उभी मागितली होती ना?" मी हो म्हटले. ते परसात गेले आणि शेवग्याखाली बराच वेळ बसले. त्यानंतर मी त्यांना पोथी उतरवताना पाहिले नाही.

इथवर लिहून मी थांबणार होते, पण एक राहिले. ताप ओसरल्यावर, लोक विसरल्यावर, नानांनी तीच अशुभ अक्षरे फळीवरून खाली काढली. सर्कस आली तिच्या पत्रकावर ती होती, मग कुस्त्यांच्या, मग एका सायकलींच्या दुकानाच्या. खाली बारीक खिळ्यांत छापखान्याचे नाव आणि 'आमची खास अक्षरे'. ज्यांनी आईसमोर पाप-पुण्य काढले होते, तेच लोक भिंतीसमोर थांबून कौतुक करत. शर्यतीचे पत्रक मात्र आगरी गावांनी पुन्हा त्या छापखान्यात टाकले नाही. जोम्याने ते होऊ दिले नाही, असे बायजा म्हणे. शिकलेल्यांच्या गावात ते कोणाला सुचले नाही, न वाचणाऱ्या जोम्याला सुचले.

छापखाना आता नाही. माळाचा बराच भाग बांधला गेला आहे. जोम्याची नातवंडे मोहन्यात शेती करतात. नाना गेल्यावर गावाने त्यांच्या नावाचे वाचनालय काढले, ते चालू आहे, आणि पुस्तके चांगली आहेत असे ऐकते. मी जन्मभर वाचत आले, पण त्याच्या पायरीवर पाऊल ठेवलेले नाही.